बाबांचा दुभाष्या

१४ नोव्हेंबर १९८८

आजपासून आमच्या अंगणात एक विद्वान राहायला आला आहे. नाव रेमी, गाव जिनिव्हा, धंदा माणसांचा अभ्यास करणे. तिकडची माणसं अभ्यासून संपली असावीत, म्हणून आमची शोधत तो नदीच्या या वळणापर्यंत पोचला. त्याला जादू शिकायची आहे, आणि तीही गुरूच्या पायाशी बसून. गुरू कोण, तर माझे वडील, सोहान्ची सूमाना.

सोहान्ची या शब्दाला फ्रेंचमध्ये ‘मांत्रिक’ यापलीकडे काही सापडेना, तेव्हा मी तेवढंच सांगून मोकळा झालो. बाबांना नुसतं मांत्रिक म्हटलेलं खपत नाही. राजा सोन्नी अलीचा वंश, पोटात पूर्वजांची साखळी, आणि जिभेवर असे शब्द की म्हणे उभं झाड वाळावं. एवढं सगळं असून आमचं छप्पर गेली दोन वर्षं गळतंय. त्यासाठी कुठल्या पूर्वजाने शब्द ठेवलेले दिसत नाहीत.

मी आमच्या गावच्या, तोंडीगुंगूच्या शाळेत मास्तर आहे. पाढे, फ्रेंच व्याकरण आणि हात धुण्याचे फायदे शिकवतो. जादूटोण्याशी माझा संबंध एवढाच, की त्या घरात वाढलो. आमच्यात सोहान्ची आपल्या पोराला शिकायला बोलावत नाही. ज्याला हवं त्याने आपणहून येऊन चटईशी बसायचं, हाकललं की जायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसायचं. बाबांनी बोलावलं नाही, मी गेलो नाही. त्यामुळे मला हाकलण्याचे त्यांचे कष्ट वाचले. आमचं दोघांचं उत्तम चाललं आहे. या विषयावर आजवर एकदाही भांडण झालेलं नाही.

आणि या जिनिव्हाकराला पहिल्याच दुपारी चटई!

“हा शिकणार,” बाबा मला म्हणाले. “तू दुभाष्या.”

“मला शाळा असते, बाबा.”

“सुटल्यावर ये. गावात तुझ्याइतकं फ्रेंच दुसऱ्या कुणाला येतं का?”

नाही येत. केवळ त्यामुळे मी हो म्हणालो. आता तो दिवसभर आमच्याबद्दल लिहिणार, तर कुणीतरी त्याच्याबद्दलही लिहायला हवं. ही वही त्यासाठी.

१८ नोव्हेंबर

पहिला धडा खाण्याचा. बाबांनी बाजरीच्या पिठात कसल्या कसल्या सालींची पूड कालवून कुसू केलं. ते पोटात गेलं की माणूस आतून भरतो आणि मग शब्द त्याच्यात टिकतात, असं आमचं शास्त्र. दिसायला शेणाचा गोळा. चवीबद्दल तुलना करण्याइतका माझा अनुभव नाही.

“आधी तू,” बाबा मला म्हणाले.

“शिकणार तो आहे ना?”

“पाहुण्यापुढे ठेवलेलं आधी घरच्याने खाऊन दाखवावं लागतं. मास्तर झालास म्हणून रीत विसरलास?”

मी एक घास खाल्ला. बाबा म्हणाले, “अजून.” अजून खाल्ला. “नीट खा, त्याला वाटेल विष आहे.” असं करत करत भोपळ्याच्या तुंबड्याचा तळ दिसला. रेमीच्या वाट्याला बोटभर लागलेलं आलं, ते त्याने चाटलं आणि बाबांना वाकून नमस्कार केला. मला त्याची दया आली. एवढ्या लांबून विमानाने यायचं आणि खरवड खायची.

मला जोरात ढेकर आली. बाबा अशा नजरेने बघत होते, जणू मी पाढा न चुकता म्हटला. पुढे दोन दिवस मला भूक लागली नाही.

२ डिसेंबर

शब्द सुरू झाले. पद्धत अशी: बाबा एक ओळ म्हणतात. मग ती मी आमच्या भाषेत जशीच्या तशी म्हणून दाखवायची, म्हणजे मी नीट ऐकली की नाही ते कळतं. मग मी फ्रेंच करतो आणि रेमी लिहून घेतो. एका ओळीला दुपार जाते, कारण बाबांना माझी चाल पटत नाही. इथे उतर, तिथे श्वास घेऊ नकोस, हा शब्द दातांनी नको, घशातून काढ. रेमीने तीच ओळ वाकडीतिकडी म्हटली की मात्र “छान, छान.” मी चुकलो की काठी आपटतात. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगाच नाही.

आज मी वैतागून विचारलं, “बाबा, त्याला फ्रेंचच लागणार आहे. माझी चाल सुधारून काय उपयोग?”

“फ्रेंचमध्ये गेला की शब्द मेलेला मासा होतो,” बाबा म्हणाले. “त्याला मेलेला मासा न्यायचाय, नेऊ दे. पकडताना तरी जिवंत पाहिजे ना!”

रेमी मोठ्याने हसला. मी अजून फ्रेंच केलंही नव्हतं. या लोकांची ही एक सवय मी बघून ठेवली आहे: म्हाताऱ्याने तोंड उघडायचा अवकाश, हे हसून घेतात, म्हणजे भक्ती दिसते.

४ डिसेंबर

रामातूशी भांडण. रामातू माझी बायको आणि त्याआधी मामेबहीण. आमच्यात आते-मामे भावंडांनी एकमेकांचा पाणउतारा करायचा असतो, तो त्यांचा जन्मसिद्ध हक्क. इतर लोक त्या हक्काची मजा लग्नकार्यात घेतात. मी तो हक्क घरी नांदायला आणला.

ती अंगणात मुसळाने बाजरी कांडत होती आणि रेमी शेजारी उकिडवा बसून भेंडी चिरत होता. दोघं खिदळत होते. मी गेल्यावर गप्प.

“काय चाललंय?”

“काही नाही. तो खुणा करतो, मी हसते,” रामातू म्हणाली. “तुझं काय? घसा बसलाय की! दिवसभर जादू ओरडतोस, आणि मंत्र शिकतोय म्हणे तो.”

“मी शिकत नाही. भाषांतर करतो.”

“गाढव पण म्हणतं, मी बाजाराला चाललोय, मीठ आपलं पाठीवर आहे.”

नवऱ्याला गाढव म्हणायची सोय ज्या पूर्वजाने केली, तो नक्कीच अविवाहित असणार.

९ डिसेंबर

शुक्रवार. इमामसाहेबांनी मशिदीत जादूटोण्यावर जोरदार भाषण केलं. तासभर उभे होते. काल गुरुवारी ते मागच्या कुंपणाने येऊन बाबांकडून गुडघ्याचा ताईत घेऊन गेले होते, त्याचा गुण आला.

२७ डिसेंबर

उत्तरेचा वारा सुरू झाला. सगळीकडे धूळ. बाबांचा खोकला छातीत उतरलाय. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाले, “तिथे सुई टोचतात. मी आजवर लोकांच्या अंगातल्या करणीच्या सुया काढत आलो.”

दुपारी रेमीने मध्येच साखळीचं विचारलं. मला फ्रेंच करून विचारावं लागलं, म्हणून माझंच तोंड कडू झालं. गोष्ट सगळ्या नदीकाठाला माहीत आहे. प्रत्येक सोहान्चीच्या पोटात एक बारीक साखळी असते. त्याची वेळ जवळ आली की ती ओकून बाहेर येते आणि जो पुढे बसणार तो ती गिळतो. न गिळली तर तिथेच संपलं. पूर्वज वळून पुन्हा त्या घराकडे बघत नाहीत. आजोबांची साखळी बाबांनी गिळली. माझ्या मते हा सगळा पोटाच्या विकाराचा प्रकार आहे, पण मला कुणी विचारलेलं नाही.

“ती कुणाला मिळणार?” असा रेमीचा प्रश्न.

बाबांनी कडू कोलाफळाचा तुकडा तोंडात टाकला. माझ्याकडे बघितलं, कुंपणाकडे बघितलं. “जो येऊन बसला त्याला.”

मी फ्रेंच केलं. रेमी चटईवर बसलेला होता, चांगला मांडी ठोकून. त्याने मान डोलावली. मीही तिथेच बसलो होतो म्हणा, पण मी दुभाष्या. दुभाष्या बसलेला धरत नाहीत, तो तिथे ठेवलेला असतो.

मला काही फरक पडत नाही. एका शाळामास्तरने लोखंड गिळणं शोभणारही नाही. फक्त गावाची अब्रू म्हणून वाटतं, की सोन्नी अलीच्या घराण्याची वस्तू जिनिव्हाला, चॉकलेट पचवलेल्या पोटात जाऊ नये. हे मी रामातूला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “जेव आणि झोप.”

११ जानेवारी १९८९

सुट्टी होती म्हणून आम्ही तिघं रानात साली काढायला गेलो. बाबा दर दहा पावलांवर थांबत होते. ऐन महत्त्वाच्या झाडाशी पोचलो तर रेमीला म्हणाले, “तहान लागली, नदीवरून पाणी आण.” नदी कुठे, आम्ही कुठे! तो तुंबडं घेऊन आनंदाने गेला. तो नजरेआड झाल्यावर बाबांनी सालीला हात लावण्याआधी झाडाची परवानगी मागायचे शब्द म्हटले, माझ्याकडून म्हणवून घेतले आणि साल माझ्याच हातून काढवली.

“आणि रेमी?”

“तू सांग त्याला नंतर.”

म्हणजे आता शिकवणीही माझ्याच गळ्यात. वरकाम मी करायचं, म्हातारा खोकणार आणि पदवी तो घेणार. परत येताना बाबांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. चालायला आधार म्हणून. हात फारच हलका झाला आहे.

३० जानेवारी

बाबा अंथरुणातून उठत नाहीत. रेमी रोज सकाळी त्यांचे पाय चेपतो. मी शाळेत असतो.

आज आलो तर तो झोपडीबाहेर बसून डोळे पुसत होता. मला बघून म्हणाला, धूळ. मग म्हणाला, “इद्रिसा, वेळ थोडा आहे. साखळीचं ठरायला हवं.” एवढी घाई! अजून म्हातारा श्वास घेतोय आणि वारस दारात पाट मांडून बसलाय.

माझ्या डोक्यात जे भरलं त्याला राग म्हणायला हरकत नाही. मी तत्त्वासाठी रागावलो होतो, हे लिहून ठेवतो.

५ फेब्रुवारी

तत्त्वासाठी एक गोष्ट केली.

बाबांचा आवाज आता पोचत नाही, म्हणून त्यांनी मला सांगितलं, “हरवलेला जीव परत बोलवायचे शब्द त्याला तू दे.” सगळ्यात मोठे शब्द आहेत ते. माणसाची सावली कुणी चोरून नेली, माणूस नुसता बसून राहिला, खाईना, ओळखेना, तर हे शब्द लागतात. मला ते डिसेंबरातच बाबांनी घोटून घेतले होते.

मी रेमीला नेलं खळ्यावर, आणि गंभीर चेहऱ्याने दिले ते गाय व्याल्यावर वार पडत नसेल तेव्हाचे शब्द. सुट, खाली ये, आत धरलंस ते टाक. तो चार वेळा माझ्यामागून म्हणाला. मग माझ्याकडे टक लावून बघत राहिला.

“नक्की हेच?”

“नक्की.”

“बरं. आभारी आहे, इद्रिसा.”

इतका मनापासून म्हणाला की मला थोडं वाईट वाटलं. ते संध्याकाळपर्यंत टिकलं. मग तो अंगणात येरझारा घालत शब्द पाठ करायला लागला. रामातू पाण्याचा घडा घेऊन येत होती, तिला ठसका लागून घडा पडता पडता वाचला. आमची गाय कान टवकारून उभी होती.

१२ फेब्रुवारी

सकाळीच नदीपलीकडून ताहिरूला आणलं. ताहिरू कोळी, माझ्याबरोबर पोहणारा, पाणघोड्याच्या नाकापुढून होडी नेणारा. आठवडाभर नुसता बसून आहे. डोळे उघडे, आत कुणी नाही. त्याची बायको सालामातू त्याला पोरासारखी हाताला धरून चालवत होती. मागे भाऊ, शेजारी, अर्धा गाव. इमामसाहेबसुद्धा कुंपणापाशी बकरी शोधत असल्यासारखे उभे.

आतून बाबांचा निरोप आला: “रेमी करेल.”

रेमी उठला. पाण्याचं तुंबडं घेतलं आणि ताहिरूसमोर उभा राहिला. इथे मला मजा वाटायला हवी होती. मी एवढा त्यासाठीच तर खटाटोप केला होता. म्हटलं, होऊ दे गावापुढे शोभा. शब्दांनी काही होत नसतं, हे मी वर्गात सांगतो. गाईचे असोत नाहीतर माणसाचे, हवाच ती.

रेमीने पहिला शब्द उच्चारला. “सुट.” ताहिरू बसल्या जागी डुलला. “खाली ये.” ताहिरूची मान छातीवर आली. तिसऱ्या शब्दासाठी रेमीने श्वास घेतला, आणि घेतलेला श्वास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला.

“थांब!” मी ओरडलो. “ते गाईच्या वारेचं आहे! उरलासुरला जीव सांडशील त्याचा!”

घाईत मी हे आमच्याच भाषेत ओरडलो, तरी रेमी लगेच थांबला. माझा चेहराच तसा झाला असावा. मग कुणीतरी मागे फसकन हसलं.

सालामातू मात्र हसली नाही. ती सरळ माझ्यासमोर आली. “मास्तरभाऊ, गाईचं कुठलं आणि माणसाचं कुठलं, हे तुला कळतं ना? मग तूच म्हण.”

“मी दुभाष्या आहे.”

“मग भाषांतर कर. माझ्या नवऱ्याला सांग, घरी ये.”

आत बाबा खोकले नाहीत. मी तुंबडं रेमीच्या हातून घेतलं. घेतलं म्हणजे, त्याने पुढे केलंच होतं. नदीकडे तोंड केलं आणि म्हटलं: जिथे बसवलं असेल तिथून ऊठ. ज्याने बसवलं त्याची चटई फाटो. तुझी चूल पेटली आहे, तुझं अंथरूण घातलेलं आहे, तुझ्या नावाचं ताट झाकून ठेवलं आहे. ये. पुढे बरंच आहे. मला आठवावं लागलं नाही. शब्द पोटातून वर येत होते आणि घसा इतका तापला होता की वाटलं, पाणी तोंडात घेतलं तर उकळेल. ते पाणी मी ताहिरूच्या तोंडावर फुंकरलं.

ताहिरू शिंकला. आजूबाजूला पाहिलं. “सालामातू,” तो म्हणाला, “इतकी माणसं कशाला जमवलीस? भात केलाय का तरी?”

सालामातू खाली बसून रडायला लागली. बायका ओरडल्या. मी सगळ्यांना स्पष्ट केलं, की मी मध्ये पडलो ते केवळ अचूकतेसाठी. कुठलीही गोष्ट चुकीची म्हटलेली मास्तरला सहन होत नाही. शिवाय ताहिरूला मी मागच्या बाजारी मलेरियाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या आज लागू पडल्या. सगळ्यांनी आदराने ऐकून घेतलं आणि म्हातारे जाताना मला बूट काढून भेटले. असं ते फक्त बाबांना भेटतात.

१३ फेब्रुवारी

बाबांनी बोलावलं. म्हणजे त्यांनी नाही, रामातूने सांगितलं, “मामंजी जागे आहेत.”

“जीव बोलवायचे शब्द मी तुला दिले,” बाबा म्हणाले. बोलताना मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. “गाईचे कधी दिले? ते मी यंदा काढलेच नाहीत.”

“ऐकले असतील कुठेतरी.”

“असतील.”

सांगण्यासारखं काही नाहीच. लहानपणी बाबा दुपारी चटई टाकून एकटेच शब्द म्हणत बसायचे, आणि बाजरीच्या ताटांच्या कुंपणापलीकडे सावली बरी असायची, म्हणून मी तिथे बसायचो. योगायोगाने. रोज. शाळेला शहरात गेलो तोवर. बकऱ्याही बसायच्या, त्यांनाही कदाचित येत असेल काही.

रेमीची मी माफी मागितली. तो म्हणाला, “कशाबद्दल? उत्तम धडा होता.” बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही की त्याची फजिती झाली.

४ मार्च

परवाचं आज लिहितो. मधे हात चालला नाही.

सकाळी मी शाळेत फळ्यावर भागाकार लिहीत होतो. रामातू पळत आली. एरवी ती दारातून एखादी शिवी देऊन सुरुवात करते. परवा नुसती उभी राहिली. मी खडू हातात घेऊनच धावलो.

बाबा उठून बसले होते. रेमीने मागून त्यांना कवेत धरलं होतं. अंग एवढं लहान झालेलं, की रेमीच्या दोन हातांत मावत होतं. मी समोर तुंबडं धरलं. ते ओकत होते आणि येत काहीच नव्हतं, नुसता आवाज. मी म्हणालो, “बाबा, दवाखान्यात नेतो, होडी काढतो.” त्यांनी माझं मनगट धरलं. मग अंग वाकवणारी एक मोठी कळ आली आणि तुंबड्यात टण्‌ असं वाजलं.

साखळी. वीतभरसुद्धा नाही. काळपट, ओली, तांब्याची असावी. मी आयुष्यभर तिच्यावर विनोद केले होते. तिच्याकडे बघून मला आधी एवढंच सुचलं, की एवढीशी?

मी तुंबडं रेमीपुढे केलं. लिहून ठेवतो, मीच केलं. म्हटलं, म्हाताऱ्याच्या इच्छेआड आता यायचं नाही. छातीत कुणीतरी मुसळ चालवत होतं, तरी केलं. जो येऊन बसला त्याला. हाच बसला. पाय चेपले यानेच.

रेमीने मान हलवली. बाबांचे ओठ हलत होते. मला काही ऐकू येईना. मी कान लावला, तर मला माझ्याच हुंदक्यांचा आवाज. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं इकडचं तिकडे केलं, आणि वडील शेवटचं बोलतायत ते मला कळेना.

“मला ऐकू येत नाही,” मी म्हणालो. “बाबा, मला ऐकू येत नाही!”

रेमीने आपला कान त्यांच्या तोंडाशी नेला. ऐकलं. आणि मला सांगितलं. आमच्या भाषेत. नदीकाठच्या म्हाताऱ्यांसारखं, चालीसकट, एक श्वास इकडचा तिकडे न होता.

“ते म्हणतायत, तुंबडं त्याच्यापुढे काय करतोस, गाढवा. त्याच्यासाठी नाही.”

मी रेमीकडे बघत राहिलो. “तुला येतं?”

“तीन वर्षं वरच्या गावांत राहिलो होतो, इद्रिसा.” त्याचे डोळे गळत होते. “इथे आलो त्या दिवशीच बाबा म्हणाले, मला मुलासाठी दुभाष्याचं काम हवंय. तू मुका हो. मी झालो.”

मी रामातूकडे पाहिलं. ती खाली बघत होती. म्हणजे तिलाही ठाऊक. भेंडी चिरताना खुणा चालल्या होत्या म्हणे! इमामालासुद्धा ठाऊक असणार. अख्ख्या गावात भाषेची गरज असलेला मी एकटाच. त्या क्षणी मला तिघांचाही इतका राग आला, की मी उठून जायला हवं होतं. बाबांनी मनगट सोडलं नव्हतं.

ओठ पुन्हा हलले. रेमीने ऐकलं, आणि या वेळी सांगायला त्याला वेळ लागला.

“ते म्हणतायत, कुंपणापलीकडे कोण बसतं ते मला माहीत होतं. म्हणून तर मोठ्याने म्हणायचो.”

हे मला आधी कळलं असतं तर मी कुंपण ओलांडून चटईपाशी आलो असतो. असं वाटलं, आणि लगेच हेही वाटलं, की नसतो आलो. म्हाताऱ्याला ते माझ्याहून जास्त ठाऊक होतं. एवढा खटाटोप त्याने उगाच नाही केला. मी बाबा, बाबा एवढंच म्हणत होतो, आणि खूप रडत होतो.

मग साखळी उचलली. पाणी प्यायचं नसतं, असं रेमी म्हणाला, त्यालाही ते ठाऊक. घशात अडली. खाली जाईना, वर येईना. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि रामातूने पाठीत जोरात धपाटा घातला, मामेबहिणीच्या हक्काने. मग उतरली. थंड होती. अजून थंडच आहे.

बाबांचे ओठ हलले. “विचारतायत, गेली का,” रेमी म्हणाला.

मी तोंड उघडून दाखवलं, औषध घेतल्यावर पोरं दाखवतात तसं. बाबांनी मान पुढे काढली. वर बघितलं, जीभ उचलायला लावून खाली बघितलं. मास्तरवर त्यांचा विश्वास कधीच नव्हता. सगळं नीट तपासून झाल्यावर त्यांनी माझं मनगट सोडलं आणि ते रेमीच्या हातांवर मागे टेकले. दुपार व्हायच्या आत ते गेले.